पूर्ण मिनिट

प्रिय दादा,

फोन करता आला असता, हे मला माहीत आहे. पण फोनवर तू मधे बोलतोस, तू मधे बोललास की मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की तू त्याला होकार समजतोस. गेल्या दोन महिन्यांत हे तीनदा झालं. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाचून होईतो फोन करू नकोस, एवढं आधीच मागते.

घरचं सांगते. स्वयंपाकघरातला नळ बाबा असल्यापासून गळत होता, तो रविवारी मी दुरुस्त केला. वायसर झिजला होता, बाकी काही नाही. त्यासाठी बाबांची हत्यारांची पेटी उघडावी लागली. पाने उतरत्या क्रमाने लावलेले, प्रत्येकाखाली त्यांनी स्वतः कापलेला फेल्टचा तुकडा. घरात आता खोकला नाही, त्यामुळे फ्रिजचा आवाज ऐकू येतो. तो बिघडत चाललाय असं मला वाटतं, पण किती दिवसांत बंद पडेल ते सांगता येत नाही. बाबांनी सांगितलं असतं. वहिनीला म्हणावं, तिने पाठवलेले फोटो मिळाले. बाबांचा तो बाकावरचा फोटो मी लावलेला नाही. अजून जमत नाही.

पेटीच्या तळाशी तो लांब स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. तुला आठवत असेल. शनिवारी अर्धा दिवस असायचा तेव्हा आई आपल्याला डबा घेऊन बाबांच्या कारखान्यात पाठवायची. एखादं मशीन कुरकुरायला लागलं की फोरमन यायचा आणि बाबांना हाक मारायचा. बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूची माणसं बोलायची थांबायची. एकदा तू मोठ्याने ओरडलास, "बाबा उभ्याउभ्या झोपले!" आणि टपली खाल्लीस. मग घरी येताना ते म्हणाले, "डोळे उघडे असले की कान आळशी होतात रे." त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की हे बेअरिंग महिनाभरात जाणार. मी कॅलेंडरवर खुणा केल्या. सव्विसाव्या दिवशी गेलं. मी ते तुला अभिमानाने दाखवलं, तर तू म्हणालास, ही मुलगी नाही, फूटपट्टी आहे. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता आईचं. त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आई गेली तेव्हा मी सतराची होते, तू बावीसचा. आपले तेव्हाचे डॉक्टर सगळ्या गल्लीचे लाडके होते. आईच्या पोटदुखीवर त्यांनी तीन महिने गोळ्या दिल्या आणि धीर दिला. मोठ्या तपासणीला पाठवा, असं बाबा दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा डॉक्टर हसले, "श्रद्धा ठेवा हो, वर बसलाय तो बघतोय." तो बघत होता का, मला माहीत नाही. सोनोग्राफीच्या मशीनने बघितलं तेव्हा उरले होते सात आठवडे. त्यानंतर तुझ्यात राग राहिला आणि माझ्यात एक नियम तयार झाला, की देवाचं नाव घेणाऱ्या डॉक्टरच्या हाती आपलं माणूस द्यायचं नाही. बाबांचं तसं नव्हतं. ते स्वतः कधी कुठे हात जोडायला गेले नाहीत, पण जाणाऱ्यांना हसलेही नाहीत. "ज्याचं त्याचं वंगण वेगळं. चाक फिरल्याशी मतलब," असं म्हणायचे. आईनंतरही म्हणायचे. मला त्याचा राग यायचा.

बाबांना छातीतल्या संसर्गासाठी आमच्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं, ते तुला माहीत आहे. सोमवार होता. दुसऱ्या मजल्यावरची चौदा नंबरची खाट, खिडकीजवळची. पडद्याच्या तीन कड्या तुटलेल्या, त्यामुळे दुपारी उन्हाची एक पट्टी थेट त्यांच्या पोटावर पडायची आणि ते म्हणायचे, "बघ, फुकटचा शेक." खाटेशेजारचा मॉनिटर मीच दोन आठवड्यांपूर्वी तपासला होता. त्याच्यावर हिरवं लेबल होतं, तारीख आणि माझी सही. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांना सांगितलं, "हे यंत्र आमच्या मुलीने पास केलंय, खोटं बोलायचं नाही." माझं कामच ते आहे. वॉर्डातली यंत्रं खरं बोलतात की नाही ते बघायचं.

त्या वॉर्डाचे डॉक्टर तू शेवटी पाहिलेस ते, उंच, थोडे वाकलेले. त्यांच्या टेबलावर काचेखाली प्रार्थनेचा एक छापील कागद आहे, कडा पिवळ्या पडलेला. मी त्यांच्या खोलीतलं रक्तदाबाचं यंत्र दुरुस्त करायला गेले होते, तेव्हापासून मला तो माहीत होता. राउंडला आले की ते आधी दाराबाहेर थांबत. ओठ हलत. मग आत येऊन पेशंटच्या मनगटावर दोन बोटं ठेवत, दुसरा हात कोटाच्या खिशात घालत, आणि डोळे मिटत. वॉर्डातल्या मावशी त्यांना मौनीबाबा म्हणायच्या. "आले आपले मौनीबाबा. आता कुणी शिंकू नका." बाबांना ते इतकं आवडलं की हसून हसून त्यांना ढास लागली. खिशात माळ असणार, असं मी धरून चालले. मंगळवारी मी घड्याळ लावलं. साठ सेकंद. बुधवारी सकाळी पुन्हा लावलं. साठ सेकंद. मी दोन्ही आकडे मनात लिहून ठेवले, वाया गेलेला वेळ म्हणून. दादा, मी रोज मोजमापाचं काम करते, आणि दोन्ही दिवस नेमके साठ सेकंद का भरले, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी तुला फोन केला तो याचसाठी. मी म्हटलं, इथले डॉक्टर पेशंटला तपासायच्या ऐवजी डोळे मिटून प्रार्थना करत बसतात. तू म्हणालास, "आईच्या वेळचं पुन्हा चालू झालं तर. तू तिथे आहेस ना? बघ काहीतरी." मी हो म्हटलं. पण "बघ काहीतरी" म्हणायची गरज नव्हती. मी ते दुपारीच उरकलं होतं, आणि तुला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

मी डॉक्टर बदलले. हॉस्पिटलमध्ये त्यासाठी एक अर्ज असतो. त्यात "कारण" अशी एक ओळ असते, तिथे मी "वैयक्तिक" लिहिलं. कर्मचाऱ्याचे वडील म्हणून वीस मिनिटांत काम झालं. बाबांनी विचारलं, "का गं बदललास? बरा होता की तो." मी म्हटलं, बाबा, तो तुमच्या मनगटावर जप करतो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जप नाही गं. तो बेअरिंग ऐकतोय." मला वाटलं, नेहमीसारखी गंमत. मी पांघरूण सारखं केलं आणि कामावर गेले.

पुढचं वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं आहे. शेवटी जसं घडलं तसं क्रमाने लिहिते.

आमच्या विभागात चोवीस तास हृदयाचे ठोके टिपून ठेवणारे छोटे रेकॉर्डर असतात. कमरेला बांधायचे, छातीला तारा लावायच्या. कुणाला लावायचा ते डॉक्टर चिठ्ठीवर लिहून सही करून पाठवतात, आणि लावते मी. दोन वर्षांपूर्वी एक रेकॉर्डर चुकीच्या पेशंटला लागला, तेव्हा मी नियम करून घेतला, की ज्याचे उपचार चालू आहेत त्याच डॉक्टरची सही हवी. नाहीतर चिठ्ठी परत. त्या नियमाचं कौतुक झालं होतं. गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर चिठ्ठी आली. खाट चौदा. बाबांचं वय, बाबांचा नंबर. "नाडी मधूनच अनियमित वाटते, रेकॉर्डर लावावा." सही मौनीबाबांची, तारीख बुधवारची, सकाळची. म्हणजे मी त्यांना बदलण्याच्या आधीची.

मी ती वाचली. मनात काय आलं तेही लिहिते. आलं ते असं, की हा माणूस अजून मधेमधे करतोय. वर जाऊन मॉनिटर पाहिला. चौऱ्याऐंशी. स्थिर. तो आकडा मागच्या काही ठोक्यांची सरासरी असतो. एखादा ठोका चुकला, दोन घाईने पडले, तर सरासरीत ते झाकले जाऊ शकतात. हे मला माहीत आहे. नव्या नर्सना मी हेच शिकवते, की पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा, कारण यंत्र सरासरी दाखवतं. मी खाली आले आणि चिठ्ठीवर लिहिलं, "उपचार करणारे डॉक्टर बदलले आहेत. नवीन सही आवश्यक." शिक्का मारला आणि ज्यांची सही होती त्यांच्याकडे परत पाठवली. नियमाने.

नवे डॉक्टर वाईट नाहीत, त्यांच्यावर काही ढकलू नकोस. त्यांच्या कानावर नाडीची ती गोष्ट घातली गेली होती. त्यांनी साधा ईसीजी काढला. तो दहा सेकंदांचा असतो, आणि त्या दहा सेकंदांत बाबांचं हृदय शहाण्या मुलासारखं चाललं. शनिवारी घरी सोडलं. छाती साफ झाली होती. बाबा जिने स्वतः उतरले आणि खाली उभं राहून वर बघून म्हणाले, "मौनीबाबांना सांगायचं राहिलं, निघालो म्हणून." मी म्हटलं, चला बाबा, रिक्षा थांबलीय.

अकराव्या दिवशी सकाळी दाढी करताना रेझर त्यांच्या हातातून पडला. तो आवाज मी ऐकला. मला वाटलं, पडला असेल, उचलतील. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. हृदय असं मधूनच भरकटत असलं की आत गुठळ्या होऊ शकतात. वेळेवर कळलं तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देतात.

त्यानंतरचं तू पाहिलंस. तू दुसऱ्या दिवशी पोचलास, तेव्हा त्यांची वाचा गेली होती. तिसऱ्या दिवशी मौनीबाबा आले होते. ड्यूटी नव्हती, कोटही नव्हता. दाराबाहेर नेहमीसारखे थांबले. तू उठून दारात गेलास आणि म्हणालास, "आता काय, प्रार्थना करून उठवणार?" त्यांनी तुझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि परत गेले. मी खाटेच्या या बाजूला बसले होते. बाबांचा डावा हात माझ्या हातात होता, तो अजून चालत होता. त्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटावर हलली. मला वाटलं, झटका असेल. नंतरही तसंच वाटून घेतलं. अजूनही मी त्याचा काही अर्थ लावलेला नाही, फक्त तसं झालं हे नोंदवते.

मग तू तक्रार लिहिलीस. पहिलं कलम: "संबंधित डॉक्टर रुग्णास तपासण्याऐवजी डोळे मिटून प्रार्थना करत असत." तुझ्या अक्षरात आहे, पण वाक्य माझं आहे. फोनवर बोलले होते ते, जवळजवळ शब्दन् शब्द. खाली तुझी सही, तिच्याखाली माझी. त्या दिवसापासून त्यांना वॉर्डात जायला मनाई आहे. त्यांचं उत्तर आलं तेव्हा तू फोनवर म्हणालास, "बघ, हात झटकतोय. म्हणे तिसऱ्या दिवसापासून पेशंट माझ्याकडे नव्हता. मधेच टाकून गेला म्हणजे." मी गप्प बसले. तू होकार समजलास.

मी ते उत्तर नीट वाचलं. पाऊण पान आहे. पेशंट आपल्याकडून काढून घेतला, तो का आणि कुणी, याबद्दल एक अक्षर नाही. चिठ्ठीबद्दल तर नाहीच. ती चिठ्ठी त्यांच्याकडे होती, माझ्या अक्षरासकट. ती जोडली असती तर त्यांच्यापुरतं प्रकरण तिथेच संपलं असतं.

परवा दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. बाहेरचा बाक रिकामा होता. त्यांनी मला बसा म्हटलं. मी उभीच राहिले आणि विचारलं, डोळे मिटून तुम्ही काय करत होता? ते म्हणाले, "मोजत होतो." मी विचारलं, आणि प्रार्थना? तेव्हा ते थोडे ओशाळले. "ती दाराबाहेर उरकतो. आत दोन्ही एकदम जमत नाही हो, आकडा चुकतो." त्यांनी खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. काळी, गोल, रबरी बटणाची. मी असे टायमर पाहिलेत. मिनिट झालं की वाजत नाहीत, नुसते थरथरतात. "वाजला की पेशंट दचकतो, आणि दचकला की ठोके वाढतात. तुमच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी खिशातून काढायला लावला. म्हणाले, यंत्र चांगलं आहे, पण बॅटरीचं झाकण सैल आहे. त्यांनीच घट्ट करून दिलं, चमच्याच्या दांड्याने."

मी बसले मग.

चिठ्ठीबद्दल का लिहिलं नाहीत, असं विचारलं. ते म्हणाले, "चिठ्ठी परत करणं नियमात होतं. नियम तुम्हीच केलात ना? चांगला नियम आहे." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आणि रेकॉर्डर लावला असता तरी त्याच चोवीस तासांत ते सापडलं असतं असं नाही. मीही दोनदाच ऐकलं होतं." हेही खरं आहे. मी आकडेमोड केली आहे, आणि सापडलं असतं की नसतं याचं खात्रीचं उत्तर त्यातून निघत नाही. पण लावला असता तर बघितलं गेलं असतं, आणि आईच्या वेळी आपण सगळे ज्यासाठी भांडलो ते एवढंच होतं, की कुणीतरी बघायला हवं होतं. त्या डॉक्टरांनी श्रद्धेवर भरवसा ठेवून तपासणी टाळली. मी श्रद्धा बघितली आणि तपासणी टाळली. पेशंटने डॉक्टरची श्रद्धा विचारावी की नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. आईच्या वेळी विचारायला हवी होती, असंच मला वाटतं. बाबांच्या वेळी मी विचारलीही नाही. मला ती माहीत आहे असं धरून चालले, आणि त्या माणसाचं बोट कुठे आहे ते बघितलं नाही.

येत्या गुरुवारी चौकशी समिती बसणार आहे आणि तू त्यासाठी रजा काढली आहेस. म्हणून हे पत्र त्याआधी तुला मिळायला हवं. आज सकाळी मी समितीकडे लेखी निवेदन दिलं. तक्रारीवरची माझी सही मागे घेतली आहे, आणि डॉक्टर बदलल्याचा अर्ज आणि ती चिठ्ठी, दोन्ही जोडले आहेत. चिठ्ठी मी त्यांच्याकडून मागून घेतली. ते देत नव्हते. माझ्या नोकरीचं काय होईल ते ठरवणारे ठरवतील. तुझी सही ठेवायची की काढायची हे तू ठरव, पण माझं वाक्य आता तुझं राहिलेलं नाही, एवढं तुला समितीच्या आधी माझ्याकडून कळावं. तुला बोलायचं नसेल माझ्याशी, तर मी ते होकार समजणार नाही आणि नकारही. थांबेन. एकच काम मात्र लगेच कर. डॉक्टर म्हणाले की हे कधीकधी मुलांमध्येही उतरतं, तुम्ही भावंडांनी एकदा तपासून घ्या. मी काल रेकॉर्डर लावून घेतला, माझं ठीक आहे. तूही तिकडे कुणा चांगल्या डॉक्टरकडे जा, तो काय मानतो ते विचारत बसू नकोस. तोवर, हे पत्र खाली ठेवलंस की जरा टेक, मनगटावर दोन बोटं ठेव आणि मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. पूर्ण मिनिट मोज. डोळे मिटलेस तर नीट ऐकू येईल.

तुझीच,
फूटपट्टी